मागच्या वर्षीचं माप

बाळाला झोळीत निजवून मी कटिंगच्या टेबलाशी आले, तर पंधरा वर्षांची माझी भाची दारातच घुटमळत होती. ड्रेस तिलाच हवा होता, पण सगळं लक्ष फोनमध्ये.

"टेप लावू का गं?" अंगाला हात लावण्याआधी मी प्रत्येकीला विचारते.

"नको. मागच्या वर्षीचं माप आहे ना वहीत?"

मी टेप गळ्यात टाकली. "बरं. पण त्या मापाचा ड्रेस आज तुला काखेत काचेल."

ती स्टुलावर बसली, उठली, परत बसली. फोन थरथरला.

"मावशी, एकदा हो म्हटलं की नंतर नाही म्हणता येत नाही का? तो म्हणतो, मागच्या वेळी जवळ आलीस, आता नाटकं कसली? आज गच्चीवर आली नाहीस तर सगळ्यांना सांगेन."

कोण आहे तो मेला, असं ओरडणार होते. पण मग तिने तोंडच मिटलं असतं.

"अगं, मागचं माप आज चालत नाही, मग मागचा होकार कसा चालेल? आणि धमकावून घेतलेला तर होकारच नव्हे."

"आणि त्याने सांगितलं तर?"

"तर मी आहे, तुझी आई आहे. लाज त्याला वाटू दे."

तिने चारदा लिहून खोडलं. मग स्क्रीन मला दाखवली: 'येणार नाही. मावशीला सगळं सांगितलंय.' आणि पाठवून टाकलं.

फोन लगेच थरथरला. तिने तो कापडाखाली सरकवला आणि हात वर केले.

"घे आता माप."

टेपखाली तिचं काळीज धडधडत होतं.