आतल्या खोलीतली बहीण

"अगं, गॅलरीत नको उभी राहूस. समोरच्या बाई विचारतात, कामाच्या दिवशी ही घरी कशी?" वहिनी हळू आवाजात म्हणाली, आणि मास्तरीण ओल्या कपड्यांची बादली तशीच टाकून आत वळली.

मास्तरीण हे तिचं कारखान्यातलं नाव. तयार कपड्यांच्या कारखान्यात ती कटिंग करायची. कापडाचे थर अंथरून खडूच्या रेघेवरून कात्री अशी फिरवायची, की शिलाईवाल्या म्हणायच्या, "मास्तरीणबाईंनी कापलेली बाही आपोआप बसते." मग कारखान्यात कापणारं यंत्र आलं आणि तिला घरी पाठवलं. त्याच सुमारास नवऱ्याने जेवता जेवता, "मला हे आता जमत नाही," असं सांगून दुसरीकडे बिऱ्हाड केलं. पुढे रीतसर काडीमोड झाला, भाड्याचं घर सुटलं, आणि एक ट्रंक घेऊन ती थोरल्या भावाच्या दारात उभी राहिली.

दादाने ट्रंक आत घेतली. मनाने तो वाईट नव्हता. पण त्या संध्याकाळी शेजाऱ्याने विचारलं, तेव्हा तो पटकन बोलून गेला, "बहीण आलीय. रजेवर."

झालं! रजा काही संपेना, तशी थापेला थाप जोडावी लागली. नवऱ्याची बदली झालीय, कारखान्याचं काम थांबलंय, तिची तब्येत नरम आहे. कुणाला काय सांगितलं याचा मेळ घालताना वहिनीच्या नाकी नऊ येत. मास्तरीण दिवसा खिडकीपासून लांब बसे. काम शोधायला निघाली की दादा म्हणे, "इथे आसपास नको विचारूस. थांब थोडी, बघू." बघता बघता तिची भूक मेली, झोप उडाली. आरशात बघणं तिने सोडलं. एकदा भांडी घासताना तिच्या मनात अगदी शांतपणे आलं, 'मी नसतेच, तर या दोघांना खोटं बोलावं लागलं नसतं.' त्या विचाराची तिला भीतीसुद्धा वाटली नाही. तेच भयंकर होतं.

एका दुपारी दादाचे साहेब सहकुटुंब चहाला यायचे होते. "तेवढा वेळ आत बस हं," वहिनी म्हणाली. मास्तरीण आतल्या खोलीत कॉटवर जाऊन बसली. बाहेर हसणं, कपबशांचा आवाज. तिला खोकल्याची उबळ आली; तिने उशीत तोंड खुपसलं. तेवढ्यात साहेबांच्या बायकोने हात धुवायला कुठे जायचं म्हणून विचारलं, आणि या खोलीच्या दाराला बाहेरून कडी लागली.

मास्तरीण ताडकन उठली. दार ओढलं, उघडेना. खोकला आवरेना, श्वास पुरेना. तिने दोन्ही मुठींनी दार बडवलं. "उघडा! मला बाहेर काढा!"

दादाने दार उघडलं तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती उंबऱ्यातच थांबली आणि पाहुण्यांना म्हणाली, "मी यांची धाकटी बहीण. रजेवर नाहीये मी. माझी नोकरी गेली, नवराही सोडून गेला. म्हणून इथे राहते."

पाहुण्यांनी चहा अर्धा टाकून निरोप घेतला.

"साहेबांसमोर माझी अब्रू घालवलीस!" दादा कडाडला. तो आवाज ऐकून वरच्या मजल्यावरच्या निवृत्त नर्स खाली आल्या. सगळी बिल्डिंग त्यांना सिस्टर म्हणायची. झाला प्रकार ऐकून त्या म्हणाल्या, "कसली अब्रू? चोरी केली का हिने? कारखान्याने काढलं, नवऱ्याने सोडलं, आणि तोंड लपवायचं हिने?"

"तुम्हाला बोलायला काय जातं, सिस्टर! लोक नावं ठेवतात."

"ठेवू देत. कंटाळले की दुसरा विषय शोधतील. आमच्या वॉर्डात नातेवाईक पेशंटपासून त्याचाच आजार लपवायचे. त्याला सगळं कळलेलं असायचं, पण तोही सोंग आणायचा. उशापायथ्याशी घरची माणसं, आणि तो मात्र एकटा! तुम्ही हिला मायेनेच लपवलंत, कबूल. पण हिला त्यातून काय कळलं? की आपली लाज वाटते यांना!"

वहिनी पुढे आली. "कडी मी लावली," ती हुंदके देत म्हणाली. "जित्याजागत्या माणसाला कोंडलं मी!"

दादा बहिणीकडे वळला. म्हणाला, "तुझी लाज नव्हती गं वाटत. भीती वाटत होती. तुझं झालं ते उद्या माझंही होईल, याची."

"मलाही भीती वाटते, दादा. पण आपण मिळून घाबरू ना! मला एकटीला आत नको बसवूस."

दुसऱ्या दिवशी भर सकाळी ती दादाबरोबर चौकातल्या टेलरच्या दुकानात काम विचारायला गेली. पूर्वी कारखान्यात कटिंग करायचे, असं तिने सांगितलं. "मधे इतके दिवस काय करत होता?" टेलरने विचारलं.

"घरात लपून बसले होते," ती म्हणाली. "कामावरून काढलं, संसारही मोडला."

टेलरने तिला एकवार न्याहाळलं. "कटिंगला माणूस नकोय. कपडे उसवून लहानमोठे करायचं काम आहे. बघा जमतंय का." त्याने एक विजार पुढे टाकली. ती मशीनवर बसली. पहिली शिवण वाकडी गेली. तिने ती उसवली आणि पुन्हा मशीनवर बसली.

तिचे दिवस काही लगेच पालटले नाहीत. अजूनही एखादी दुपार तिला रडवते, जिन्यात कुणी कुजबुजतं. पण आता विचारणाऱ्याला घरातलं प्रत्येक जण खरं तेच सांगतं.

वाचकहो, ज्याचं काम गेलं, ज्याचा संसार मोडला, असं माणूस आपल्याही घरात असेल. त्याला झाकू नका. नोकरी जाणं, घर मोडणं हा गुन्हा नव्हे. माणसाला नव्याने उभं राहायचं असेल, तर आधी त्याला उजेडात उभं राहू द्या!