टपावरचे बार

काचवाल्याच्या नव्या गाडीच्या टपावर माल बांधायला आडवे बार कुठले बसवायचे, यावरून घरात आठवडाभर रणकंदन चाललं होतं. लेक म्हणायची, कंपनीचेच घ्या. ते टपातल्या तयार भोकांत बसतात आणि शोरूमचा माणूसच आवळून देतो. पण ते यायला वीस दिवस लागणार होते आणि गिऱ्हाइकाच्या खिडक्या याच आठवड्यात बसवायच्या होत्या. शेवटी काचवाल्याने बाहेरचे बार आणले, दाराच्या चौकटीला चार पकडींनी धरणारे. ते स्वतःच बसवले आणि वर अॅल्युमिनियमच्या चौकटी पट्ट्यांनी बांधल्या.

"तीस वर्षं काय माशा मारतोय का मी?" असं लेकीला ऐकवलं खरं, पण आता गाडी चालवताना त्याची नजर सारखी आरशात जात होती.

कारण लेक मागून स्कूटरवर येत होती. गाडीत काचा उभ्या लावलेल्या, बसायला जागा नाही. शिवाय टपावर माल असला की घरातल्या एकाने मागून नजर ठेवत यायचं, ही त्यांची जुनी पद्धत. आज ती पाळी लेकीची होती.

मोठ्या रस्त्याला लागल्यावर टपावर टक् झालं. काचवाल्याने रेडिओ बंद केला. पुन्हा टक्. मग लागोपाठ दोनदा. आरशात लेकीचं पिवळं हेल्मेट दिसत होतं, वीस हातांवर. वेग कमी करावा तर ती आणखी जवळ येणार, वाढवावा तर वारा चौकटी उचलणार, थांबावं तर कडेला ट्रकची रांग. चौकट सुटली तर थेट तिच्या गळ्याशी जाईल, हे त्याला दिसायला लागलं आणि दिसायचं काही थांबेना.

त्याने खिडकीतून हात काढून पुढे जायची खूण केली. तिला वाटलं, बाबांना काहीतरी सांगायचंय. ती जवळ आली.

"अगं बये, मागे नको, पुढे जा!" तो एकटाच ओरडत होता. खांदा भरून येईपर्यंत त्याने हात हलवला, तेव्हा कुठे तिला कळलं. हॉर्न वाजवत ती शेजारून पुढे गेली आणि तेवढ्यात टपावर करकर झाली. मागचा बार सरकला, वरची चौकट पट्ट्यांतून निसटली आणि रस्त्यावर आपटली. नशीब, मागून कुणी येत नव्हतं.

ट्रकची रांग संपल्यावर त्याने गाडी कडेला घेतली. लेक धावत आली.

"तरी सांगत होते, बाबा! बाहेरचा माल तो बाहेरचाच."

हो म्हटलं असतं तर सुटला असता. पण त्याने पकडीच्या नटाला पाना लावून पाहिला. नट अर्धा फेरा फिरला आणि घट्ट बसला. दुसराही अर्धाच फेरा. तिसराही. तेव्हा काचवाल्याच्या लक्षात आलं. काच बसवताना स्क्रू पुरता आवळला की ती तडकते, म्हणून अर्धा फेरा ढिला सोडायचा. हाताने ती सवय त्याला न विचारता इथेही चालवली होती.

"बार चांगले आहेत गं," तो म्हणाला. "माझ्या हातानेच आज तुझा जीव घेतला असता."

लेकीने त्याच्या हातातला पाना घेतला आणि चौथा नट आवळला. मग त्याने नुकतेच आवळलेले तिन्ही नट तिने पुन्हा एकेक करून तपासले. तो बघत राहिला. त्याने तिला अडवलं नाही.