उजव्या खिशातला कागद

कविराजांनी तोंडावर पाणी मारलं आणि ओल्या हातांनीच शर्टाचे दोन्ही खिसे चाचपले. डाव्यात कविता होती, उजव्यात दुसरा कागद. आरशातला गृहस्थ परीक्षेत कॉपी घेऊन बसलेल्या पोरासारखा दिसत होता, आणि पर्यवेक्षक नेमके त्याच्याच बाकाकडे येत होते.

बाहेर शिपाई ताटकळत होता. कारखान्याच्या तपासणीला आलेल्या सरकारी बाई निघायच्या बेतात आहेत, त्याआधी कविता म्हणायची आहे, असा साहेबांचा निरोप होता.

कविराज म्हणजे कारखान्याचे स्टोअरकीपर. कुणी निवृत्त झालं, नवं यंत्र आलं, कुणी वारलं, की कविता त्यांनी करायची असा तिथला शिरस्ता. या वेळी वारला तो फिटर, म्हणजे त्यांच्या धाकट्या बहिणीचा नवरा. चालत्या पट्ट्यात बाही अडकली. शोकसभेत कविराजांनी त्याचा निखळलेला तारा केला आणि मॅनेजरसाहेब हुंदके देऊन रडले. मग डोळे पुसून साहेबांनी हेही सांगितलं, की पट्ट्यावरची संरक्षक जाळी बिचाऱ्याने स्वतःच काढली होती; शेवटी चूक माणसाकडूनच होते.

जाळी कुणी काढायला लावली हे तिघांना ठाऊक होतं. त्यांतला एक तारा झाला होता.

कविराज कवितेकडे वळले त्याला कारण होतं. शाळेत ‘माझे काका’ या निबंधात त्यांनी काका संध्याकाळी काय पितात आणि मग काकूशी कसे वागतात ते सरळ लिहिलं. निबंध वर्गात पहिला आला. बक्षीस काकांनी घरी पाठीवर दिलं. पुढच्या वर्षी त्यांनी तोच मजकूर कवितेत घातला. काकांचं वादळात सापडलेलं गलबत झालं. काकांना ते इतकं आवडलं की त्यांनी पुतण्याला पेन आणून दिलं. तेव्हापासून कविराज गद्याच्या वाटेला गेले नाहीत. लोक म्हणत, उपजत प्रतिभा आहे. कविराज नाही म्हणत नसत.

काल बहीण घरी आली. चहाला तिने हात लावला नाही. सभा चांगली झाली, कविता सगळ्यांना आवडली, हे रीतसर सांगून झालं. मग कपाच्या कडेवरून बोट फिरवत ती म्हणाली,

“दादा, पोरगी विचारते, बाबा वेंधळे होते का. शाळेत कुणीतरी तसं म्हणालं. तिला मी काय सांगू, तारा निखळला?”

कविराज म्हणाले, बघतो.

“तू बघतोसच रे,” ती म्हणाली. “बघण्याबद्दल तुझ्याविषयी तक्रार नाही.”

आज सकाळी स्टोअरचं दार आतून लावून त्यांनी लिहायला घेतलं. वाक्य पुरं झालं की हात सवयीने यमक शोधायला पुढे जायचा. त्याला मनगट धरून माघारी आणावं लागे. लिहून संपल्यावर त्यांनी शोकसभेतली कविताही दुसऱ्या खिशात घातली. शूर माणसानेसुद्धा परतीची वाट ठेवावी, असं त्यांचं मत होतं. शिवाय ते शूर नव्हते.

केबिनमध्ये तपासणीच्या बाई बॅग आवरत होत्या. त्यांचं लिहून झालं होतं, आणि साहेबांचा चेहरा पाहता ते साहेबांच्या मनासारखं झालं होतं.

“मॅडम, हे आमचे कविराज. मयताचे सख्खे मेव्हणे. दोन ओळी ऐकून जा. आम्ही इथे एका घरासारखे राहतो.”

एवढं बोलून साहेबांनी छातीवर हात ठेवला आणि डोळे मिटले. कविता ऐकायची त्यांची पद्धत ठरलेली होती: डोळे मिटायचे आणि वाचणारा थांबला की ‘वा’ म्हणायचं. शब्दांचा त्रास त्यांनी कधी करून घेतला नव्हता.

कविराज राहत होते ती खोली कारखान्याची होती. मुलाची नोकरी साहेबांच्या शब्दावर अडली होती. हात आपोआप डाव्या खिशाकडे गेला, तिथून उजव्याकडे वळला, आणि तिथला कागद घेऊन बाहेर आला.

“तो नेहमीसारखा कामावर आला.”

आवाज इतका कापत होता की बाईंना तो शोकच वाटला.

“वा,” साहेब म्हणाले.

“त्याच्या पट्ट्यावर जाळी नव्हती.”

“वा.”

“ती साहेबांनी काढायला लावली होती. जाळीमुळे सफाईला वेळ लागतो, असं ते म्हणाले.”

“वा, वा,” साहेब म्हणाले आणि त्यांनी छातीवरचा हात आणखी घट्ट दाबला.

बॅगेची चेन अर्ध्यावर थांबली. दारातला शिपाई छताकडे पाहू लागला. खोलीतली शांतता कवितेनंतरची नाही, हे साहेबांच्या उशिरा लक्षात आलं. त्यांनी डोळे उघडले आणि ते कविराजांवर आणून ठेवले.

कविराजांनी कागद पुन्हा डोळ्यांसमोर धरला. एक वाक्य अजून उरलं होतं. तिथवर पोचायच्या आत कुणीतरी आपल्याला थांबवेल, या आशेने त्यांनी ते अगदी शेवटी लिहिलं होतं. कुणी थांबवलं नाही.

“जाळी त्याने माझ्याकडे आणून दिली, ‘हे बरं नाही, दादा,’ म्हणाला, आणि मी ती ठेवून घेतली, बोललो काही नाही.”

या ओळीला दाद आली नाही.

बाईंनी चेन पुन्हा उघडली, कागद बाहेर काढले.

“ती जाळी आता कुठे आहे?”

कविराजांच्या जिभेवर एक उपमा आली. चांगली होती, काळोख होता तिच्यात, गंजही होता. ती त्यांनी गिळली. त्यांनी टेबलाची कड धरली. ते साहेबांचंच टेबल होतं.

“स्टोअरमध्ये. मधल्या मांडणीवर, खालच्या फळीवर,” ते म्हणाले. “चला, दाखवतो.”