दुर्बिणीची गाडी

चंद्रप्रकाश परबाला गाडी हवी होती, पण माणसं बसवायला नाही. जुन्या गाड्या विकणाऱ्यांना एवढं पटवता पटवता त्याच्या नाकी नऊ आले. दुकानात शिरलं की विकणारा आधी विचारायचा, "काका, फॅमिली किती?" मग चंद्रप्रकाश काखेतली चादरीत गुंडाळलेली लांबलचक नळी जमिनीवर उभी करून सांगायचा, "ही एक, आणि आम्ही दोघं." भांडुपच्या एका दुकानात रखवालदाराने त्याला दारातच अडवलं. चादरीत काहीतरी गुंडाळून डिक्यांची मापं काढत हिंडणारा म्हातारा म्हटल्यावर अडवणारच.

ती नळी पुठ्ठ्याची होती, दुर्बिणीच्या मापाची. खरी दुर्बीण मुलुंडच्या घरात गॅलरीच्या कोपऱ्यात, बायकोच्या जुन्या साडीखाली उभी असायची. मरोळच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये जन्म घालवलेल्या चंद्रप्रकाशने ती सगळी घरीच केली होती. नळीचं काम, लाकडी बैठकीचं काम कोणालाही जमलं असतं. त्याचा जीव होता तळाशी बसवलेल्या आरशात. बशीपेक्षा थोडी मोठी, जाडजूड काच त्याने दोन हिवाळे हाताने घासून खोलगट केली होती आणि मग तिच्यावर चकचकीत मुलामा चढवून आणला होता. त्या दोन हिवाळ्यांत विमलाने, म्हणजे त्याच्या बायकोने, गॅलरीत कपडे वाळत घातले नाहीत, कारण धूळ उडायला नको होती.

एवढं करून त्यातून आजवर काय पाहिलं, तर चंद्र, गुरू, शनी आणि समोरच्या टॉवरमधल्या लोकांचे टॉवेल. मुलुंडच्या आकाशात याहून जास्त काही उगवत नाही. त्याला बघायची होती देवयानी, आपल्या शेजारची दीर्घिका. शर्मिष्ठेच्या ताऱ्यांच्या बाजूला असतो तो धुरकट डाग, लाखो वर्षांपूर्वी निघालेला उजेड. पुस्तकात त्याने तिचे ढीगभर फोटो पाहिले होते, पण आपण घासलेल्या आरशात तिला बघायचं, एवढीच त्याची इच्छा होती. त्यासाठी अंधार लागतो, आणि अंधार मुरबाडच्या पलीकडे होता. कधी आईचं आजारपण आलं, कधी कारखाना बंद पडला, कधी लेकीचं लग्न निघालं. अंधार कुठे पळून जातोय, असं म्हणत तो थांबत राहिला.

अंधार पळाला नाही. डोळे पळायला लागले. काचबिंदू निघाला आणि तोही उशिरा. "हा कडेकडून खात येतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "समोरचं बरेच दिवस दिसेल, घाबरू नका." त्यांनी ते धीर द्यायला सांगितलं, पण चंद्रप्रकाशला धीर आला नाही. आकाशातली अंधुक वस्तू सरळ बघितली की नाहीशी होते, ती दिसते फक्त तिरक्या नजरेला. म्हणजे नेमकी त्याला लागणारी नजरच आधी जाणार होती. उजवा डोळा तर गेल्यातच जमा होता. डाव्याचं विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, या वर्षाचं बघू, पुढचं मी कबूल करत नाही. आणि गाडी चालवायची नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं.

घरी येऊन त्याने विमलाला फक्त शेवटचं वाक्य सांगितलं. बाकी सगळं "थेंब घालायचेत" एवढ्यात गुंडाळलं.

पावसाळा अर्ध्यावर आला तशी त्याची घालमेल सुरू झाली. भाड्याच्या गाडीवाल्याला रानात रात्रीपर्यंत थांब म्हटलं की तो फोन ठेवून द्यायचा. टेम्पो मिळत होता, पण टेम्पोच्या हादऱ्यांनी तिथे नुसते सुटे भाग पोचले असते. त्याचं आठवडाभर चाललेलं पुटपुटणं ऐकून विमला एके दिवशी भाजी चिरता चिरता म्हणाली, "गाडी घ्या. मी शिकते चालवायला."

"तू? तुला सायकल येत नाही."

"सायकल पडते. गाडी पडत नाही."

साठीला टेकलेली विमला मोटर ट्रेनिंग स्कूलमध्ये जाऊ लागली. सोसायटीत हसू झालं, एका कुंडीचा बळी गेला, पण लायसन्स तिने मिळवलं. डाव्या बाजूचं मात्र तिला शेवटपर्यंत जमलं नाही. उजवीकडे आणि समोर बघता बघता तिची डावी बाजू राहूनच जायची. तेव्हा डावीकडे चंद्रप्रकाशने बघायचं, असं दोघांत ठरलं. तो मान पार खांद्यापर्यंत वळवून बघायचा आणि म्हणायचा, "कोणी नाही, घे." मग ती घ्यायची.

आता गाडी निवडायची, तर नळीला बसेल ती विमलाला बसेना. राजाराम नावाच्या दुकानदाराने आधी व्हॅन दाखवली. नळी आत आडवी झोपली, वर गादीलाही जागा उरली. चंद्रप्रकाश खूश झाला, पण विमलाचा पाय क्लचपर्यंत पोचेना.

"काकी, पाठीला उशी घ्या ना," राजाराम म्हणाला.

"उशी घेऊन झोपू काय चालवू?"

मग एक छोटी गाडी पाहिली. विमला तिच्यात ऐटीत बसली, तर नळीमुळे मागचं दार लागेना. चंद्रप्रकाश म्हणाला, दार दोरीने बांधू. विमला म्हणाली, मग टेम्पोच घ्या ना. दोघं दिवसभर एकमेकांशी बोलली नाहीत. शेवटी एक करड्या रंगाची वॅगनआर मिळाली. मागची सीट पाडून नळी तिरकी सारली, की तिचं तोंड पुढच्या दोन सीटच्या मधे यायचं, थेट विमलाच्या कोपराशी.

"गिअर टाकताना कोपर लागतोय," ती म्हणाली.

"लागू दे. ती कुठे ओरडणार आहे?"

"ती नाही. तुम्ही ओरडाल."

गाडी ठरली. दसऱ्याला घरी आली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी कारखान्यात सगळी यंत्रं धुऊनपुसून लख्ख करायचे, दसऱ्याला त्यांना हळदकुंकू वाहायचे. आपलं लेथ कसं चकाकायचं, हे चंद्रप्रकाशने बायकोला दर वर्षी सांगितलं होतं, कारखाना बंद पडल्यावर तर जास्तच. त्या सकाळी तो खाली गाडीला झेंडूचा हार बांधत होता. आरसा त्याने प्रवासासाठी काढून कापसाच्या डब्यात ठेवला होता. नारळ घ्यायला तो वर आला, तेव्हा आरसा देवापुढे पाटावर होता. त्याच्या मधोमध कुंकवाचं बोट लावलेलं होतं आणि शेजारी घासलेल्या समया मांडल्या होत्या.

"तुमचं हत्यार," विमला हसत म्हणाली. "किती डागाळलेलं होतं. समयांच्या पावडरीनेच काढलं. आता बघा कसं."

चंद्रप्रकाश खाली बसला. आरशात त्याला पाटाच्या लाकडाच्या रेषा दिसत होत्या. आरशातून आरपार. मुलामा जागोजागी निघून गेला होता आणि उरला होता त्याच्यावर गोल गोल बारीक ओरखडे होते, हात फिरवावा तसे. घरातल्या आरशाचा मुलामा काचेच्या मागे असतो, म्हणून तो कसाही पुसला तरी चालतं. दुर्बिणीच्या आरशाचा मुलामा पुढे असतो, उघडा. हे त्याने विमलाला कधी सांगितलंच नव्हतं. हात लावू नको, एवढंच इतकी वर्षं सांगितलं होतं. आणि आज, गाडी आली, आता हे दोघांचं झालं, असं समजून तिने हात लावला होता.

त्याचा चेहरा बघून तिचं हसू मावळलं. "काय झालं? आरसोच मा तो? आरसो पुसतत ना?" घाबरली की ती मालवणीवर यायची.

त्याने सांगितलं. ओरडला नाही, त्यामुळे तिला जास्त लागलं. ती पदर तोंडाशी धरून आत गेली. नारळ तसाच राहिला. दुपारी शेजारच्या वनमालाबाईंनी येऊन फोडला.

मुलामा देणाऱ्याने आरसा उजेडात धरून बघितला. म्हणाला, आधी ओरखडे काढावे लागतील, मग मुलामा, काम मार्चच्या आत होत नाही. मार्चमध्ये देवयानी सूर्याच्या उजेडात बुडालेली असते. ती पुन्हा अशी वर येणार ती पुढच्या दसऱ्याला.

चंद्रप्रकाशने जाण्याचं नावच टाकलं. पण विमला ऐकेना. "आरसा नसला तर नसला. डोळे आहेत ना? मी काय मंडईत जायला गाडी शिकले?" अमावस्येला लक्ष्मीपूजन, घर सोडता येत नाही, म्हणून वसुबारसेच्या आधीची एकादशी धरली. तिने साबुदाण्याचा डबा भरला. आणि ज्याच्यासाठी गाडी घेतली ते गाडीत नको का, म्हणून दुर्बिणीची रिकामी नळीही आत घालायला लावली. कल्याण ओलांडेपर्यंत तिच्या कोपराला नळी लागत होती. तिने एकदाही तक्रार केली नाही.

मुरबाडच्या पुढे, कारखान्यातल्या खंडूच्या शेताजवळ ती दोघं पोचली तेव्हा दिवस मावळत होता. अंधार पडला तसं आकाश भरत गेलं. बांधावर बसून चंद्रप्रकाश तिला सांगू लागला, ती वाकडीतिकडी रेघ, ती शर्मिष्ठा. तिच्या टोकावरून उजवीकडे ये. सरळ बघू नको, जरा बाजूला बघ.

"हां," विमला बऱ्याच वेळाने हळूच म्हणाली. "तिथे कोणीतरी पुसल्यासारखं आहे. फिकट. ती देवयानी?"

"तीच."

तिला दिसली. साध्या डोळ्यांना, पहिल्याच दिवशी. तो बाजूला बघत राहिला, आधी या बाजूला, मग त्या बाजूला. नजर हलवली की शर्मिष्ठेचाच एकेक तारा विझत होता आणि देवयानीच्या जागी काही म्हणजे काही नव्हतं. त्याने डोळे मिटून वाट पाहिली, पुन्हा उघडले. मग त्याला कळलं. डाव्याची कडही गेली होती, केव्हाच. आरसा धड असता, सगळं जुळवून त्याने डोळा लावला असता, तरी त्यात हाच अंधार असता.

"आरसा असता तर तुम्हाला किती मोठी दिसली असती," विमला म्हणाली. तिने पदर डोळ्यांना लावला. "वाट लावली मी. या हातांनी."

एका वाक्यात तिला मोकळं करता आलं असतं. पण ते वाक्य सांगितलं की डोळ्यांचं सगळंच सांगावं लागणार होतं. आरशाला निदान मार्च तरी होता. त्याने तिचा अपराध तिच्याकडेच राहू दिला आणि त्याची त्याला लाज वाटली.

"मार्चमध्ये होतोय ना आरसा," तो म्हणाला. "पुढल्या दसऱ्याला येऊ."

"नक्की?"

"नक्की. फक्त पुसू नको."

ती रडता रडता हसली. डबा रिकामा केला, गाडीत बसली, दिवे लावले. शेताची वाट जिथे हमरस्त्याला मिळते तिथे थांबून तिने उजवीकडे बघितलं, आणि नेहमीसारखं विचारलं, "डावीकडे?"

चंद्रप्रकाशने मान खांद्यापर्यंत वळवली. तिथे अंधार होता. रस्त्याचा होता की त्याचा, ते त्याला कळेना. त्याने आणखी थोडी मान वळवली.

"डावीकडे बघा ना," ती म्हणाली. "घेऊ?"

"नको," तो म्हणाला. "तूच बघ गो."

विमलाने वाकून, नळीवरून, त्याच्या पलीकडे बघितलं. रस्ता रिकामा होता, लांबपर्यंत. मग तिने त्याच्याकडे बघितलं आणि गाडी बंद केली.