आपोआप बसणारे तुकडे

भिंगरीचा हिशेब सरळ होता. ज्या गेमला डोकं लागतं तो दुसऱ्यांनी खेळावा. आपण तो खेळावा, जो अर्ध्या तासात संपतो आणि संपता संपता बारा ट्रॉफ्या देऊन जातो. असल्या गेमना ती शेंगदाणे म्हणायची. एक तोंडात टाकला, चावला, की पुढचा. मांजराचं सहा तुकड्यांचं चित्र जुळवा, ट्रॉफी. खोलीतले दिवे लावा, तेच दिवे विझवा, दोन ट्रॉफ्या. एका गेममध्ये तर नुसतं 'सुरू करा' दाबलं तरी पडद्यावर कपाट उघडायचं, आत काहीतरी चकाकायचं आणि शाबासकी मिळायची. नववीच्या अख्ख्या वर्गात तिच्याइतक्या ट्रॉफ्या कोणाकडे नव्हत्या. त्या कशा मिळाल्या हे विचारायची सोय नव्हती, कारण भिंगरीच्या जिभेला हाड नव्हतं. विचारणाऱ्याची ती अशी काही खिल्ली उडवायची, की तो बिचारा दोन दिवस डबा एकटाच खायचा.

भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. बाबांनी ठेवलेलं. पोरगी एका जागी ठरत नाही म्हणून.

बाबा स्वतः मात्र बावीस वर्षं एकाच जागी उभे होते. कोट शिवणाऱ्या कारखान्यात, खिडकीजवळच्या लांब टेबलाशी, ते कापड बेतायचे. कापड पुढ्यात पसरलं की आधी त्यावरून नुसता तळहात फिरवायचे, तापलेल्या लेकराच्या कपाळावरून फिरवावा तसा. मग कागदी खाके मांडायचे, पाठ, छातीवरचे दोन्ही पुढे, बाह्या, कॉलर. असे खेटून, की मधून मुंगीनं जायचं म्हटलं तरी अंग चोरावं. खडूची रेघ एकदाच, आणि मग कात्री. कारखान्यात सगळे त्यांना मास्तर म्हणायचे, मालकीणबाईसुद्धा.

एका सकाळी चहाचा कप त्यांच्या डाव्या हातातून सुटला, आणि कप कुठे पडला हे त्यांना शोधता येईना. मेंदूत गुठळी अडकली होती. इस्पितळात तिसऱ्या दिवशी तोंडातून धड शब्द फुटले ते असे, की इतकी वर्षं कापडावर बेतलं, या खेपेला जिवावर बेतलं. आई खळखळून हसली. मग पाणी आणते म्हणून बाहेर गेली आणि बराच वेळ आली नाही.

पाय सुधारला, जीभ सुधारली, डाव्या हाताची मूठही वळू लागली. पण बाबांच्या जगातून डावी बाजू गळून पडली होती. डोळे शाबूत आहेत, डॉक्टर म्हणाले, पण डावीकडे जे असतं त्याची मेंदू दखलच घेत नाही. बाबा ताटातलं उजवीकडचं संपवायचे आणि विचारायचे, आज भाजी नाही केली का. आई ताट अर्धं फिरवायची, की भाजी हजर. दाढी एकाच गालाची व्हायची. भिंगरी त्यावर विनोद करायची, बाबाही हसायचे, आणि हसता हसता हातानं दुसरा गाल चाचपायचे.

मालकीणबाई घरी भेटायला आल्या, त्या खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या. म्हणाल्या, तुमचं टेबल तीन महिने रिकामं ठेवते. तिसऱ्या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी या आणि सगळ्यांदेखत एक कोट बेता. जमलं तर टेबल तुमचंच. नाही जमलं तर मला दुसरं माणूस उभं करावं लागेल, मास्तर, राग मानू नका. बाबांनी राग मानला नाही. उलट त्या दिवसापासून घरात दुसरा विषयच उरला नाही. जेवताना शनिवार, फिरताना शनिवार, अंघोळीच्या पाण्याला उशीर झाला तरी शनिवार.

आठवड्यातून दोनदा व्यायाम शिकवायला एक बाई यायच्या. त्यांनी सांगितलं, यांना तुकडे जुळवायची कोडी द्या, नजर ओढून ओढून डावीकडे न्यायला लावा. आई दिवसभर टपाल कचेरीत पत्रं निवडायची. दुपारी तीननंतर घरात भिंगरी आणि बाबा, दोघंच. आणि कोडी म्हटलं की भिंगरीला कोणी शिकवायला नको. मावशीनं नवं घेतल्यावर जुनं गेमचं मशीन तिच्याकडे आलं होतं आणि तिच्याकडे शेंगदाण्यांचं पोतंच भरलेलं होतं. तिनं बाबांच्या हातात कंट्रोलर दिला आणि होडीचं नऊ तुकड्यांचं चित्र लावलं. पहिलीतलं पोर हे चित्र चुटकीसरशी जुळवतं, असं तिनं जाताजाता सांगूनही टाकलं.

पाऊण तास गेला. उजवीकडचे चार तुकडे लागले. डावीकडचे पडद्यावर तसेच पडून होते आणि बाबा रिकाम्या जागेकडे बघत बसले होते. शेवटी त्यांनी कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि म्हणाले, असू दे. फक्त एवढंच. बाबा अशा आवाजात कधी बोलले नव्हते, इस्पितळातसुद्धा.

दुसऱ्या दिवशी ते तोंड धुवायला गेले तेव्हा तिनं गेमच्या आतल्या सेटिंगच्या खिडकीत जाऊन 'मदत' नावाची पट्टी शोधली आणि शेवटच्या टोकापर्यंत सरकवली. आता तुकडा त्याच्या जागेच्या आसपास नुसता नेला तरी पुरे, तो स्वतःच सरकायचा आणि टक् करून बसायचा. आणखी एक बटण होतं. ते दाबलं की सगळे तुकडे उजवीकडे गोळा व्हायचे. यात लबाडी कसली, तिनं स्वतःला समजावलं. सोय गेमनंच दिलेली, ट्रॉफीही तीच मिळते. चष्मा लावणाऱ्याला कोणी लबाड म्हणतं का?

त्या दिवशी होडी सहा मिनिटांत झाली. मग कासव, मग किल्ला, मग फळांची टोपली. रोज एखादा शेंगदाणा फुटायचा, कधी दोन. बाबांना त्या आवाजाची गोडी लागली. ते टक् झालं की त्यांची मान बारीकशी डोलायची, शिंप्याचा दोरा सुईत एका दमात गेला की डोलते तशी. आई दारातून आत आली रे आली की ते आकडा सांगायचे. एकवीस. तेहेतीस. चव्वेचाळीस. आईनं एकदा हळूच विचारलं, अगं, पण हे ताटातली भाजी अजून बघत नाहीत, मग पडद्यावरचं कसं बघतात? भिंगरीनं फाडकन उत्तर दिलं, की भाजीला ट्रॉफी लाव, बघ लगेच दिसते का नाही. तिघंही हसले. विषय तिथेच राहिला.

व्यायामाच्या बाई म्हणाल्या, शनिवारची घाई नको. बाबांनी त्यांना पडद्यावरचं ट्रॉफ्यांचं कपाट उघडून दाखवलं.

शनिवारच्या दोन दिवस आधी बाबांनी खेळ मध्येच थांबवला. कंट्रोलर खाली ठेवला. भिंगरी त्यांच्या डाव्या बाजूला बसली होती, म्हणून त्यांनी आधी मान पूर्ण वळवून तिला शोधलं.

"खरं सांग," ते म्हणाले. "हे मी एकट्यानं केलंय ना? तू मागून काही करत नाहीस?"

भिंगरीनं खाली ठेवलेला कंट्रोलर उचलला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसायला घेतला.

"करत असलीस तर सांग. मी मालकीणबाईंकडे आणखी दोन महिने मागतो. त्या देतील. मागायला मला लाज नाही."

पट्टी मागे सरकवायला एक बोट पुरलं असतं. पण त्यासोबत ते 'असू दे' परत आलं असतं, आणि तिच्या अंगात तेवढं बळ नव्हतं. शिवाय तिला वाटलं, खरं कापड हाताखाली आलं की बावीस वर्षांचा हात स्वतःच जागा होईल. हात काही विसरत नाहीत म्हणे.

"तुमचीच करामत आहे, बाबा," ती म्हणाली.

शनिवारी आईला सुट्टी मिळाली नाही, म्हणून त्यांच्याबरोबर भिंगरीच गेली. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि दाढी आईनं केली होती, दोन्ही गालांची. कारखान्यात शिलाईची यंत्रं थांबली, बायका उठून उभ्या राहिल्या, काजं करणाऱ्या म्हाताऱ्या बाईंनी त्यांच्या दंडाला हात लावून घेतला. मालकीणबाईंनी स्वतः टेबल पुसलं आणि राखाडी रंगाचं जाड कापड पसरलं.

बाबांनी तळहात फिरवला. तो कापडाच्या मध्यापर्यंत गेला आणि तिथून परत आला. भिंगरीनं ते पाहिलं.

मग त्यांनी खाके मांडायला घेतले. पाठीचा खाका काठाजवळ नेला, वाकून सोडला आणि हात मागे घेतला. आणि थांबले. कागद वाकडा पडला होता, काठापासून चार बोटं सुटलेला. बाबा त्याच्याकडे बघत उभे राहिले, मान किंचित पुढे, कशाची तरी वाट बघत. बायकांना वाटलं मास्तर विचार करताहेत. काय चाललंय ते त्या अख्ख्या कारखान्यात एकट्या भिंगरीला कळत होतं. बाबा तो तुकडा सरकायची वाट बघत होते.

काही वेळानं त्यांनी मान डोलावली आणि दुसरा खाका घेतला. तोही तसाच जवळ नेऊन सोडला. डाव्या पुढ्याचा खाका टेबलाच्या डाव्या कडेवरून अर्धा खाली लोंबत होता. त्यांनी खडूची रेघ मारली, पूर्वीसारखी एकदाच, न थरथरता, आणि कात्री चालवली. भिंगरीनं थांबा म्हणायला तोंड उघडलं. तोवर कात्री काठाला पोचली होती.

कापड उचललं तेव्हा डावा पुढा निम्माच होता. बाबांनी तो उजव्या पुढ्यावर ठेवून पाहिला. उलटा करून पाहिला. कोणी हसलं नाही, आणि तेच जास्त वाईट होतं. काजं करणाऱ्या म्हाताऱ्या बाई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

मालकीणबाईंनी कापडाची शांतपणे घडी घातली. म्हणाल्या, टेबलाचं काय ते तुम्ही सांगाल तेव्हाच, मास्तर. तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी तिथे कोणाला उभं करणार नाही. आणि आपल्या फोनचा नंबर चिठ्ठीवर लिहून त्यांनी बाबांच्या खिशात ठेवला.

घरी आल्यावर बाबा चप्पलही न काढता खुर्चीत बसले आणि म्हणाले, पडद्यावर जमतं आणि इथे का नाही, हेच मला कळत नाही. मेंदूचं काही वेगळंच बिघडलंय बहुतेक. तेव्हा भिंगरीला राहवेना. तिनं टीव्ही लावला, आतली खिडकी उघडली आणि पट्टी दाखवली. पट्टी पडद्याच्या डावीकडे होती म्हणून बाबांची हनुवटी धरून मान वळवावी लागली. सगळं सांगितलं. होडीपासून.

बाबांनी ऐकून घेतलं. तिला वाटलं होतं ते ओरडतील, किंवा डोक्यावर हात ठेवतील. दोन्हींची तिची तयारी होती.

"चुकायचं होतं तर मी घरात चुकलो असतो," ते म्हणाले. "तुझ्यासमोर. त्याचं काही नव्हतं गं. तू मला तिथे नेऊन तोंडघशी पाडलंस."

ती माफी मागत राहिली. त्यांनी मान वळवली, उजवीकडे, जिथे ती नव्हती.

रविवारी ते तिच्याशी बोलले, पण कामापुरतं. भाजी आहे का हे त्यांनी आईला विचारलं. संध्याकाळी त्यांनी बाईंनी शिकवलेला हाताचा व्यायाम केला, मोजत, आणि मोजताना चुकले तेव्हा पहिल्यापासून पुन्हा केला. भिंगरी दारात उभी होती. तिला कोणी हाक मारली नाही.

सोमवारी दुपारी ती शाळेतून आली तेव्हा बाबा फोनपाशी बसले होते. हातात चिठ्ठी. त्यांनी दोनदा नंबर लावून पाहिला होता आणि दोन्ही वेळा लागला नव्हता. चिठ्ठीवरचे डावीकडचे आकडे त्यांच्या नजरेतून सुटत होते. आई यायला अजून तीन तास होते.

"लावून दे," ते म्हणाले.

तिनं दप्तर खाली टाकलं आणि फोन घेतला.

"आधी वाच."

तिनं आकडे वाचले, एकेक करून. बाबा बोटानं चिठ्ठीवर मोजत होते.

"परत वाच."

तिनं परत वाचले. या वेळी हळू. बाबांनी चिठ्ठी तिच्या हातातून घेतली, डोळ्यांसमोर उजवीकडे धरली, अशी तिरपी धरली, तशी धरली, आणि तिनं वाचलेल्यातला एकेक आकडा स्वतः शोधून पाहिला. पहिले तीन त्यांना सापडले नाहीत. ते बराच वेळ शोधत होते. मग त्यांनी चिठ्ठी तिला दिली.

"पुन्हा एकदा," ते म्हणाले.

तिनं तिसऱ्यांदा वाचले आणि नंबर लावला. पलीकडून मालकीणबाईंचा आवाज आला. तिनं फोन त्यांच्या उजव्या कानाला धरला.

"मी मास्तर बोलतोय," बाबा म्हणाले. "टेबल देऊन टाका."

पलीकडून मालकीणबाई बरंच काही बोलत होत्या. बाबा हं, हं करत होते. भिंगरीचा हात भरून आला होता, पण तिनं तो खाली घेतला नाही.