एकाच पेटीचं गाव

मेंढीचा मागचा पाय दोन्ही गुडघ्यांत आवळून गीना खूर तासत होती, आणि तिचा मुलगा दोब्रिन तिच्यावर खेकसत होता.

"आई, रविवारी डोकं ठिकाणावर ठेव. सात नंबरावर फुली मार, कागद दुमड, पेटीत टाक आन् घरला ये. झालं!"

"आन् तुझा बाप? त्यो कुणाच्या फुलीपायी मेला?"

मतपत्रिकेवरच्या सात नंबराच्या पक्षानंच त्यांच्या ब्रेस्तेनी गावचा दवाखाना बंद केला होता. त्याच हिवाळ्यात गीनाचा नवरा छातीवर हात दाबून शहराच्या वाटेला लागला आणि गाडीतच थंड झाला. यंदा पार्लमेंटसाठी दुसऱ्या एका पक्षाकडून जिल्ह्याची एक डॉक्टरीण उभी होती. तिचं नाव गावात कुणी मोठ्यानं घेत नव्हतं.

ऑक्टोबर सरत आला होता. डोंगरावरून सुटलेला वारा अंगणातली माती उचलून डोळ्यांत फेकत होता. त्या धुळीतूनच स्टामेन आत आला. गावचं कुरण म्युनिसिपालटीचं असलं तरी त्याचा ठेका स्टामेनकडे होता, फाटकाची किल्लीही त्याच्याच खिशात. सात नंबराची मतं गोळा करणं हेही त्याचंच काम.

"काय गीनाकाकू, खूर चांगले तासलेस. आता चालायला ताकद येईल."

"चालायला कुरण पायजे, बाबा."

"हाय की! आजवर कधी अडवलंय का तुला?" तो हसला. "रविवार ध्यानात हाय न्हवं?"

"मत गुप्त असतं म्हणत्यात."

"असतंच! पडद्याआड तू आन् तुझा देव. पर गावाला पेटी एकच, काकू. मोजली की समदं गाव उघडं पडतं."

तो गेला. मेंढी सुटून पळाली, तरी गीना किती तरी वेळ गुडघे आवळूनच बसून होती.

रविवारी शाळेत मतदान झालं. टेबलावरच्या अधिकाऱ्यानं मतपत्रिकेवर पहिला शिक्का मारला. गीना पडद्याआड गेली आणि निळं पेन उचलून तिनं डॉक्टरणीच्या चौकटीत फुली मारली. तिचा हिशेब साधा होता. एकच मत इकडं-तिकडं गेलं, तर म्हातारीचे डोळे चुकले असं म्हणून लोक सोडून देतील. बाहेर येऊन तिनं दुमडलेल्या कागदावर दुसरा शिक्का मारून घेतला, कागद काचेच्या पेटीत टाकला आणि कुणाकडेही न पाहता घर गाठलं.

सोमवारी पहाटे शाळेच्या दारावर निकालाचा कागद लागला. दोब्रिन तो वाचून परतला तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"आई, डॉक्टरणीला अकरा."

"अकरा?" गीनानं विचारलं. अकरा जणांचे डोळे एकाच दिवशी चुकत नाहीत. म्हणजे आणखी दहा जणांनी तिच्यासारखाच हिशेब केला होता, आणि प्रत्येकानं स्वतःला एकटंच धरलं होतं.

कुरणाच्या फाटकाला नवं कुलूप होतं. सगळे मेंढपाळ कळप घेऊन बाहेर खोळंबले होते. उपाशी मेंढरं कुंपणाला डोकी घासत होती. स्टामेन फाटकाला टेकून सूर्यफुलाच्या बिया सोलत उभा होता.

"त्या अकरांनी म्होरं या. बाकीच्यांना मी आत सोडतो. माझं कुणाशी वैर न्हाई."

"माझं न्हवं! लेकराची आन!" सगळ्यांत आधी नेनो ओरडला. तो गीनाचा शेजारी.

"आमचं बी न्हवं."

"मी तर साताच्या बाहेर कधी गेलोच न्हाई!"

शपथा रांगेतून पुढं सरकत गेल्या.

"मग काय वाऱ्यानं टाकली मतं?" स्टामेननं टरफल थुंकलं.

दोब्रिननं आईचं मनगट घट्ट धरलं. तिनं ते सोडवून घेतलं.

"एक माझं हाय," गीना म्हणाली. "मेंढरांना कशाला उपाशी ठेवतोस? उघड फाटक."

मग स्टामेननं सावकाश किल्ली काढली.

"एक गावलं. बाकीची हिवाळा लागंपर्यंत गावतील. ही मायलेकरं सोडून चला समदे आत."

कळप आत शिरू लागले. गीना बाजूला उभी राहून एकेकाकडे बघत होती. यांतले दहा तिचे होते. कोणते, ते तिलाही कळत नव्हतं. सगळ्यांच्या माना खाली होत्या. फाटकापाशी स्टामेन प्रत्येकाचा चेहरा निरखत होता.

सगळ्यात मागं नेनो होता. गीनाजवळून जाताना त्याचा पाय अडखळला.

"काकू," तो पुटपुटला, "आमच्या ओढ्याकडच्या बांधाला गवत हाय अजून. तिकडं ने मेंढरं."

बिया सोलणारा स्टामेनचा हात थांबला. त्यानं मान वळवून नेनोकडे पाहिलं.