बाराची दुसरी घंटा

मिशनच्या त्या शाळेत दुपारी बाराला दोन घंटा व्हायच्या. पहिली झाली की जो जिथे असेल तिथेच थांबायचा, डोळे मिटायचा आणि मनातल्या मनात देवाचे आभार मानायचा. दुसरी झाली की हलायचं. मधल्या वेळात घंटा देणाऱ्याने प्रभूची प्रार्थना एकदा म्हणायची, तीही सावकाश. आसपासच्या रस्त्यालासुद्धा हे इतकं अंगवळणी पडलं होतं, की समोरच्या सलूनमधला वस्तरा तेवढा वेळ गिऱ्हाइकाच्या गालाशी अधांतरी थांबायचा.

घंटेची पाळी तिसरीच्या वर्गाकडे, दर आठवड्याला नवं पोर. एका मुलीची पाळी मात्र काही केल्या येत नव्हती. तिला सगळे वादळ म्हणायचे, समोरचे सलूनवाले, म्हणजे तिचे बाबासुद्धा. तिची वेणी म्हणे तिच्या मागून अर्ध्या मिनिटाने वर्गात शिरायची. शेवटी तिने सिस्टरांचा पिच्छाच पुरवला. सिस्टर म्हणाल्या, देते पाळी, पण काही उपद्व्याप केलास तर ती पहिली आणि शेवटची.

सोमवारी बाराला वादळाने दोर धरला आणि दोन वर्षं साठवलेली सगळी हौस त्या एका हिसक्यात ओतली. घंटा अशी दणाणली की छपरावरची कबुतरं दुसऱ्या गावाला गेली आणि तिथेच घरं करून राहिली. पाठोपाठ घंटेच्या पोटातला लिंबाएवढा लोखंडी लोलक सुटला आणि तिच्या पायाशी येऊन पडला.

शाळा थांबली.

वादळाने प्रार्थना म्हटली. सावकाश म्हटली. मग दोर ओढला. वर मुकी घंटा नुसतीच झुलली.

दुसरी घंटा नाही, म्हणून कुणी हलेना. प्रत्येकाला वाटे, आता होईल, आपणच कशाला आधी डोळे उघडा. आणि एवढी माणसं एकदम गप्प राहिल्यावर बाकीच्या वस्तूंनाही संकोच वाटायला लागला. फळ्यावरून उडालेली खडूची धूळ उन्हाच्या तिरिपेत तरंगत राहिली. नळातून सुटलेला थेंब मध्येच थबकला. पहिलीच्या पोरांनी उडवलेला चेंडू खाली यायचं विसरला. कोनाड्यातल्या मारियामातेच्या पायाशी मेणबत्तीची ज्योत चित्रातल्यासारखी उभी होती. रस्त्यापलीकडे बाबांच्या हातातला वस्तरा आणि खुर्चीतल्या माणसाचा अर्धा फेसाळ गाल, दोन्ही तसेच.

त्या एवढ्या मोठ्या निजेत वादळ एकटी जागी होती. ती वर्गांतून हिंडली. शाळा पाण्याच्या तळाशी गेल्यासारखी वाटत होती आणि आपलं पाऊल वाजत नाही याची तिला गंमतही वाटली. पण मुठीतला लोलक जड होत चालला होता. सांगितलं तर पाळी गेली, तीही कायमची. आणि वर्गातल्या हुशार पोरी म्हणणार, आम्ही आधीच सांगितलं होतं.

व्हरांड्यात घंटेकाका उभे होते. शाळेचे म्हातारे शिपाई, घंटेला तेलपाणी तेच करायचे. केराची सुपली उचलायला वाकले आणि पहिली घंटा झाली, म्हणून तसेच वाकलेले, डोळे मिटून. शेजारी त्यांची तेलाची पेटी उघडी होती. वादळाला सुचलं ते सुचलं. लोलक पेटीत टाकला की झालं. काकांनीच काढला आणि बसवायला विसरले, असं कुणालाही पटेल. काका विसरायचेच. मागे एकदा चष्मा डोळ्यांवर ठेवून तो अख्खी सकाळ शोधला होता.

तिने हळूच लोलक पेटीत ठेवला.

वळली, तेव्हा तिला दिसलं की सगळ्या थांबलेल्या शाळेत एकच गोष्ट हलते आहे. काकांचा गुडघा. थरथरत होता बिचारा. कपाळावर घाम. दुसऱ्या घंटेशिवाय हा माणूस ताठ होणार नव्हता, संध्याकाळ झाली तरी.

वादळाने त्यांच्या कोपराला हात दिला, पण काका हलले नाहीत. नियम तो नियम.

तिने पेटीतून लोलक उचलला आणि पळत अंगणाच्या मधोमध गेली. तिथून ती ओरडली.

"सिस्टर, घंटा मी तोडली. जोरात ओढली म्हणून. घंटेकाकांनी नाही. सगळ्यांनी हला आता, काकांचे पाय दुखतायत."

थेंब टपकला. चेंडू पडला. दोनशे पापण्या उघडल्या, तेव्हा आवाज झाला म्हणे, पुस्तक मिटल्यासारखा. काका कंबर धरून कण्हत उभे राहिले आणि वादळाकडे बघायला लागले. काकांचं तर कुणी नावही घेतलं नव्हतं. मग ‘घंटेकाकांनी नाही’ हे कुठून आलं, हे सिस्टरांना बरोबर कळलं. त्यांनी हात पुढे केला. वादळाने लोलक दिला आणि मान खाली घातली.

"पाळी गेली ना?"

"आठवडा कुठे संपलाय?" सिस्टर म्हणाल्या. "लोलकाचा नवा आकडा येईपर्यंत स्टुलावर चढायचं आणि हा हाताने आपटायचा. हळू. आणि स्टूल काका धरतील, त्यांची तयारी असेल तर."

काकांनी तेलाच्या पेटीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. मग स्टूल आणायला गेले.

संध्याकाळी बाबांनी ऐकवलं, की एका गालावर साबण वाळलेला माणूस आरशात बघून स्वतःलाच ओळखेना. वर म्हणाले, आमच्या घरातली घंटा मात्र कधी मुकी होत नाही. वादळ हसली नाही. ती प्रार्थना म्हणून बघत होती, काकांच्या गुडघ्याला सोसेल इतकीच सावकाश.